आकाशगंगेचे दोन तीर

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आली होती, आणि मी सांगतो ती तिसऱ्या दिवसाची रात्र. आरती आणि भजन आटोपले होते. भजनी मंडळी काळ्या वाटाण्यांची उसळ खाऊन, टाळ-मृदंग काखेला मारून पुढच्या घरी गेली होती. माटवीला बांधलेली कवंडळे, नारळ आणि सुपारीची शिपटी समईच्या उजेडात मंद हलत होती. बाहेर पाऊस रिपरिपत होता. मी ओटीवर पाय लांब करून बसलो होतो, आणि माझी नात शेजारी हातात मोबाईल घेऊन बसली होती.

तिचे लग्न होऊन वर्ष झाले. तिचा नवरा मालवाहू जहाजावर असतो. सहा-सात महिने समुद्रावर आणि मग दोन महिने घरी, असा त्याचा क्रम. या गणपतीला तो नव्हता. ती मला एकदम म्हणाली, "आजोबा, आज चिनी लोकांचा प्रेमाचा सण आहे. आकाशातली दोन माणसे वर्षातून एकदाच भेटतात, ती आजच्या रात्री." मग तिने मला ती कथा वाचून दाखवली आणि मोबाईल पालथा ठेवून विचारले, "मला सांगा, ही गोष्ट गोड आहे की क्रूर आहे?"

प्रश्न सोपा वाटला म्हणून मी चटकन उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि उत्तर काही बाहेर आले नाही. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला आपल्याच ओटीवर असे निरुत्तर होणे शोभत नाही. म्हणून "उद्या सांगतो, बाय" म्हणून मी वेळ मारून नेली. तो उद्या अजून उजाडायचा आहे. हा लेख म्हणजे त्या उत्तराचीच खटपट.

आधी ती कथा. एक गुराखी होता. आईबाप नसलेला, भावाने आणि भावजयीने घराबाहेर काढलेला. त्याच्या वाट्याला आला एक म्हातारा बैल. त्या बैलाला वाचा होती. त्याच्या सांगण्यावरून गुराखी नदीवर गेला. तिथे स्वर्गातल्या कन्या स्नान करीत होत्या. त्यांतल्या एकीची वस्त्रे त्याने लपवली. ती देवाधिराजाची नात, ढगांचे कापड विणणारी विणकरीण. तिने त्याच्याशी संसार मांडला, दोन मुले झाली. पुढे स्वर्गात ही वार्ता पोचली आणि स्वर्गाची राणी तिला घेऊन गेली. बैलाने मरताना आपले कातडे गुराख्याला देऊन ठेवले होते. ते पांघरून, कावडीच्या दोन टोपल्यांत दोन मुले घालून तो आकाशात तिच्यामागे धावला. हात पोचणार इतक्यात राणीने केसांतला आकडा काढून दोघांमध्ये एक रेघ ओढली. त्या रेघेची नदी झाली. तीच आपली आकाशगंगा. दोघांचा आकांत पाहून मॅगपाय पक्ष्यांना दया आली. आपल्या कावळ्याच्याच कुळातले हे काळे-पांढरे पक्षी. आपल्या रानातला टकाचोर हा त्यांचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीला जगातले सगळे मॅगपाय आकाशात जातात, पंखाला पंख लावून नदीवर पूल करतात, आणि त्या पुलावर ही दोघे एक रात्र भेटतात. त्या दिवसानंतर या पक्ष्यांच्या डोक्यावरची पिसे झडलेली दिसतात, कारण दोन माणसे त्यांच्या डोक्यांवरून चालत गेलेली असतात, असे तिकडचे लोक सांगतात. आणि त्या रात्री पाऊस पडला तर ती त्या दोघांची आसवे.

या कथेचे आणखी एक जुने रूप आहे, आणि मला ते जास्त विचार करायला लावते. त्यात वस्त्रे चोरणे नाही. त्यात विणकरीण वर्षानुवर्षे मागावर बसून आहे. तिला वेणीफणी करायलाही सवड नाही. देवाधिराज असलेल्या तिच्या बापालाच तिची कणव येते आणि तो तिचे लग्न पलीकडच्या तीरावरच्या गुराख्याशी लावून देतो. लग्न झाल्यावर ती सुखात रमते आणि विणणे सोडते. मग बाप रागावतो, तिला परत मागावर आणून बसवतो आणि वर्षाची एक रात्र तेवढी सूट देतो. म्हणजे प्रेम केले हा या कथेतला गुन्हा नव्हे. माग थांबला, हा गुन्हा.

आपल्या मेघदूतातला यक्ष आठवा. त्याचाही अपराध हाच होता. त्याने कामात कुचराई केली आणि धनी कुबेर याने त्याला वर्षभर बायकोपासून दूर केले. कालिदासाने त्याच्या विरहावर आपल्याला इतके मोहवून टाकले, की कुबेराला जाब विचारावा हे कोणाच्या मनातही येत नाही.

सणाचे आचारही ऐकण्यासारखे आहेत. हा सण मुख्यतः मुलींचा. विणकरीण हातांची कसबी, तेव्हा तिच्याकडे त्या कसब मागायच्या. अंगणात फळे मांडून, चांदण्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या. जिचा दोरा चटकन ओवला जाईल तिला वर मिळाला असे समजायचे. कोणी डबीत कोळी कोंडून ठेवी आणि सकाळी त्याचे जाळे दाट झाले की पातळ ते पाही. कोणी भांड्यातल्या पाण्यावर सुई तरंगत सोडी आणि तळाशी पडलेल्या सावलीचा आकार वाची. लहान मुले द्राक्षाच्या मांडवाखाली कान टवकारून बसत, कारण त्या रात्री तिथे आकाशातल्या दोघांची कुजबुज ऐकू येते म्हणे. हाच सण जपानात तानाबाता होऊन गेला. तिथे रंगीत कागदांवर मागणी लिहून बांबूच्या फांद्यांना बांधतात. चीनच्या सरकारने २००६ साली या सणाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातले. अलीकडे मात्र शहरांतून तो फुले आणि भेटवस्तू यांचा दिवस झाला आहे. सुई-दोरा मागे पडला.

आपल्याकडे हरतालिकेला मुली उपास करून चांगला नवरा मागतात. त्या चिनी मुली चांगले हात मागत होत्या. हा फरक मी मनात टिपून ठेवला. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ही दोन माणसे कोण? आपल्या ओळखीचीच. विणकरीण म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण. ज्याने आपल्या श्रावण महिन्याला नाव दिले तोच हा श्रवण. चिन्यांची सातवी सप्तमी बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपास येते. अधिक महिन्याचे त्यांचे आणि आपले गणित थोडे वेगळे पडते म्हणून एखाद्या वर्षी ती भाद्रपदात उतरते, तशी २०२५ साली उतरली होती. श्रवणाच्या दोन अंगांना दोन लहान तारे आहेत. चिनी माणसाला त्यांत कावडीतली दोन मुले दिसली. आपल्याकडच्या आज्या तिथे श्रावणबाळ दाखवतात. मध्ये तो आणि कावडीत त्याचे आंधळे आईबाप. कावड तीच. तिथे बाप मुलांना वाहतो, इथे मुलगा आईबापांना वाहतो.

या कथेवर चीनमध्ये हजार-दोन हजार वर्षे कविता होत आल्या. बहुतेक कवी या दोघांसाठी हळहळले. अकराव्या शतकात छिन ग्वान नावाचा एक कवी झाला. त्याने मात्र वेगळाच सूर लावला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की रोज रोज भेटणाऱ्यांच्या असंख्य भेटींहून यांची एक भेट मोलाची. प्रेम टिकाऊ असेल तर दिवसरात्र जवळ असण्याची गरज काय?

खरे सांगतो, माझे निम्मे आयुष्य मी याच मताचा होतो. छिन ग्वानचे नावही तेव्हा मला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची गरजही नव्हती, कारण आमच्या सबंध मुलखाचे तत्त्वज्ञान तेच होते.

आमचे गाव मालवण तालुक्यात, गडनदीच्या काठी. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ च्या सुमारास चालू झाली, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने त्या गिरण्यांना माणसे पुरवली. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो पुढे, १ मे १९८१ ला.) जमीन थोडी, ती कातळाची, तिचेही वाटे झालेले. घरटी एक-दोन पुरुष मुंबईला. तिथे एका खोलीत दहा-बारा गाववाले. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने त्याच जागी पथारी टाकायची. अशा खोलीत बायको कुठे नेणार? तेव्हा बायको गावाला. तिच्याकडे शेत, गुरे, सासूसासरे आणि मुले. मनीऑर्डरवर जगणारा मुलूख असे आम्हांला म्हणत, ते खोटे नव्हते.

पाहा, चिनी कथा आमच्याकडे जशीच्या तशी उतरली होती. फक्त उलटी. आमच्याकडे विणकर पुरुष होता आणि गुराखी बाई होती. तो परळच्या एका गिरणीत मागावर, आणि ती सड्यावर गाईमागे. मध्ये सव्वातीनशे मैलांची नदी. आणि भाद्रपदातले पंधरा दिवस हा पूल.

माझे वडील असेच विणाईखात्यात होते. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, म्हणून गणपतीला ते मोटारीने येत, कधी दीड दिवसाने, कधी दोन दिवसांनी, अंग आंबवून. आई पहाटेपासून कावळ्याकडे लक्ष ठेवून असे. कावळा ओरडला की पाहुणा येतो. चिनी लोक मॅगपायचा आवाज शुभवार्ता मानतात, असे मी अलीकडे वाचले तेव्हा मला त्या पहाटेच्या कावळ्याची आठवण झाली. वडील येत. त्यांच्या ट्रंकेला एक वास असे, साबणाचा आणि गिरणीच्या तेलाचा मिसळलेला. घरात आरत्या, फुगड्या, गौरीचा ओवसा. पंधरा दिवस घर नुसते उजळून निघे. मग एका सकाळी ते तरीवर जात, होडी पलीकडे लागे, आणि आई परतून सरळ गोठ्यात जाई. मी तिला कधी रडताना पाहिले नाही. त्यावरून मी असा अर्थ काढला होता, की तिला रडू येत नाही.

एकदा, १९६१ च्या सुमारास, मी अकरा वर्षांचा असताना जे घडले ते सांगतो. आईला लिहिता येत नव्हते. महिन्याचे पत्र मी लिहीत असे. शाळेत माझ्या अक्षराचे आणि पत्रलेखनाचे कौतुक होई, म्हणून वाडीतल्या आणखी दोघीतिघी जणी माझ्याकडून पत्रे लिहून घेत. मला त्याचा ताठा होता. त्या आषाढात लावणी उशिरा झाली, आजी अंथरुणाला खिळली होती, गाय आजारी होती आणि धाकटा भाऊ तापाने फणफणत होता. रात्री चुलीपाशी बसून आई सांगू लागली. गाईचे सांगितले, आजीचे सांगितले, आणि मग थोडा वेळ थांबून, विस्तवाकडे पाहत म्हणाली, "लिही, माका आता कंटाळो इलो. एकट्यान किती करूचा?"

मी लिहिले नाही. दौतीत टाक बुडवला, टाक कागदावर टेकवला, आणि लिहिले, "इकडील सर्व क्षेम आहे. आपण काळजी करू नये." बायकोने नवऱ्याला असे लिहिणे मला बरे वाटले नाही. वडील दूर आहेत, कष्टात आहेत, त्यांच्या जिवाला उगीच घोर लागेल, असेही वाटले असेल. पण खरे कारण आणखी लहान होते. ते वाक्य माझ्या सुंदर पत्रात बसत नव्हते. आईने "वाच" म्हटले तेव्हा मी ते वाक्य वाचल्यासारखे म्हणून दाखवले. तिने मान हलवली. सकाळी मी ते पत्र पेटीत टाकले.

एवढीच गोष्ट. यात कोणी मेले नाही, कोणाचे घर बुडाले नाही. वडिलांचे उत्तर आले, त्यात गाईच्या औषधाचे विचारले होते, आणि आजीला नमस्कार होता.

मग १९८२ साल आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांनी माग थांबवले, आणि हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. देवाधिराज कोणत्याही युगातला असो, माग थांबला की तो तेच करतो. फक्त या वेळी शिक्षा उलटी झाली. हजारो विणकर कायमचे आपापल्या तीरावर परत पाठवले गेले. माझे वडीलही त्यांतच आले. नदी आटली होती. आता रोजच सातवी सप्तमी.

आम्हां मुलांना वाटले, झाले, आता आईचे सुख सुरू झाले. प्रत्यक्षात पहिली तीन-चार वर्षे त्या घरात दोन परकी माणसे राहत होती. वडील पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठून बसत आणि काय करावे ते न सुचून अंगणात येरझारा घालत. आईने तीस वर्षे एकटीने जे जसे चालवले होते, त्यात त्यांनी हात घातला की काहीतरी बिघडे. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. आई मुळातच हळू बोलणारी. आकाशातल्या त्या दोघांची कुजबुज मांडवाखाली ऐकू येते म्हणतात. आमच्या घरातल्या दोघांचे बोलणे सबंध वाडीला ऐकू जाई, कारण कुजबुजलेले एक अक्षरही वडिलांच्या कानात शिरत नसे. दोघे भांडत, आणि तेही मोठ्याने. एकदा मी आईला म्हटले, आधी तुम्ही दोघे कधी भांडत नव्हता. ती म्हणाली, "पंधरा दिवसांत भांडूक येळच गावत नाय होतो."

छिन ग्वानच्या सगळ्या तत्त्वज्ञानाला हे एक वाक्य पुरे आहे. वर्षातून एकदा होणारी भेट निर्मळ असते याचे कारण प्रेम थोर असते असे नाही. तिथे भांडायला वेळ नसतो, एवढेच. जी माणसे रोज एकमेकांना दिसतात, त्यांच्या प्रेमाला रुसवे असतात, कुरबुरी असतात, कंटाळा असतो. म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. ते नुसते जगलेले असते. आणि जगलेल्या वस्तूवर डाग पडतात.

पण गोष्ट भांडणावर संपली नाही, हेही सांगितले पाहिजे. पाच-सहा वर्षांनी आईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि गुरे सड्यावर न्यायचे काम वडिलांकडे आले. त्यांना ते जमेना. गाय त्यांना ओळखत नव्हती. आई ओटीवर बसून ओरडून ओरडून त्यांना शिकवी, आणि मुंबईत चार माग एका वेळी सांभाळलेला तो माणूस एका गाईपुढे हतबल होऊन उभा राही. हळूहळू ते शिकले. पुढे पुढे संध्याकाळी गुरे घेऊन ते परतत तेव्हा आई त्यांच्यासाठी पाणी तापवून ठेवी, आणि ते हातपाय धुऊन तिच्या शेजारी काही न बोलता बसत. विणकर गुराखी झाला होता. हे घडायला सुईत दोरा ओवण्याइतकेच कसब लागले, आणि ते कोणा आकाशातल्या देवीने दिले नव्हते.

वडील गेल्यावर एका रात्री मी आईजवळ त्या पत्राची कबुली दिली. जवळजवळ चाळीस वर्षे मी ते मनात धरून होतो. मला वाटले होते ती हसेल, किंवा तिला आठवणारच नाही. ती शांतपणे म्हणाली, "तू लिवलंस नाय, ता माका तेव्हाच कळला. तेंच्या पत्रात त्याचो शब्द नाय होतो." मी म्हटले, मग तू बोलली का नाहीस? त्याला तिने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "लिवलं असतंस म्हणान ते काय गिरण सोडून येवचे नव्हते. पण झिला, लिवूक होया होता."

लिहायला हवे होते. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या तीन शब्दांत आहे. नीतीच्या पुस्तकांत आपण परिणामांचा हिशेब फार करतो. हे केल्याने काय साधले असते? काहीच साधले नसते. वडील आले नसते, लावणी तिलाच उरकावी लागली असती, भावाचा ताप एक दिवसही आधी उतरला नसता. तरीही तिचे वाक्य तिच्या माणसापर्यंत पोचायला हवे होते, कारण ते तिचे होते. माणसाचे दुःख हलके करता येत नसेल, तर निदान ते त्याच्या नावावर राहू द्यावे. मी ते पुसून तिथे तिचा मोठेपणा लिहून ठेवला. आणि माझ्या लक्षात येते, की हे काही मी एकट्यानेच केले नाही. उर्मिलेच्या चौदा वर्षांचे आपण काय केले? सोशिक म्हणून चार शब्दांत तिची पाठवणी केली. चाकरमान्याच्या बायकोला आपण धीराची म्हटले, त्यागाची मूर्ती म्हटले. तिने कधी त्याग केलाच नव्हता. त्याग करायला निवड असावी लागते. तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

आता कोणी म्हणेल, मग हे सण, या कथा, सगळे ढोंगच का? तसे मी म्हणणार नाही. आम्ही पंधरा दिवस आनंदात काढले तो आनंद खरा होता. आईने कंटाळा सांगितला म्हणून तिचे प्रेम खोटे होत नाही, आणि वडिलांच्या मनीऑर्डरीवर जी चार ओळींची जागा असे तिच्यात त्यांनी जे लिहिले, तेही खोटे नव्हते. वाट पाहणे ही थोर गोष्ट असू शकते. फक्त तिचा थोरपणा वाट पाहणाऱ्याने सांगावा. तीरावर उभे राहून पाहणाऱ्यांनी सांगू नये. भेटीचा सण अवश्य करावा, पण सणाच्या भरात नदीची पूजा होऊ नये. ती नदी निसर्गाने घातलेली नव्हती. कोणीतरी केसांतला आकडा काढून ती आखली होती. कथेत राणीने आखली. आमच्याकडे खोलीचे भाडे, पगार आणि जमिनीचे वाटे यांनी मिळून आखली.

आणि म्हणूनच मला वाटते, या कथेतले खरे थोर पात्र गुराखी नव्हे, विणकरीण नव्हे, तर ते पक्षी. त्यांना राणीचा हुकूम मोडता आला नाही, नदी बुजवता आली नाही. त्यांनी विरहावर कविताही केली नाही. आपली डोकी पुढे केली आणि त्यांवरून दोघांना चालू दिले. डोक्यावरची पिसे गेली ती गेली. अकरा वर्षांचा मी असाच एक पक्षी होतो. माझ्या पंखांवर एका बाईचे एक वाक्य पलीकडे जायचे होते, आणि मला माझ्या पिसांची काळजी पडली.

त्या मुली विणकरणीकडे नवरा न मागता कसब मागत होत्या, ते आता मला उमगते. ज्या बाईला वर्षातली एकच रात्र मिळते, तिच्याकडे सुखाचा आशीर्वाद मागून उपयोग नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट रात्री हातांनी काय करायचे, ते तिला माहीत आहे. आमच्या आयांनाही ते माहीत होते. त्यांची कीव करणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे. ज्यांनी शेत लावले, गुरे जगवली, मुले शिकवली आणि घर उभे ठेवले, त्या काही कोणाच्या विरहकाव्यातली पात्रे नव्हेत.

तर बाय, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. कथा गोडही आहे आणि क्रूरही आहे. गोड आहे ती पुलामुळे, आणि क्रूर आहे ती नदीमुळे. दोन्ही एकाच वेळी पाहायला शीक. कोणी तुझ्या धीराचे कौतुक केले तर ऐकून घे, पण ते खरे मानण्याआधी स्वतःला विचार. कंटाळा आला तर त्याला लिही. आता तुला माझ्यासारखा लेखनिक लागत नाही, बोटाने लिहिलेले क्षणात जहाजावर पोचते, हे खरे. पण "सर्व क्षेम" लिहिणारा एक पोर प्रत्येकाच्या आतही बसलेला असतो. त्याच्यावर लक्ष ठेव.

त्या रात्री ढगांमुळे आम्हांला तारे दिसले नाहीत. दिवाळीत आभाळ निवळलेले असते. अंगणात आणि तुळशीपाशी पणत्या लावून झाल्या, की घटकाभर मालवणच्या किनाऱ्यावर, किंवा असाल तिथे उघड्यावर उभे राहा. पश्चिमेला तोंड केले की उजव्या हाताला, वायव्येकडे, ठळक निळसर पांढरा अभिजित दिसेल. डावीकडे, थोडा वर, दोन लहान ताऱ्यांच्या मधोमध श्रवण दिसेल. मधून आकाशगंगा जाते, पण पणत्यांच्या आणि विजेच्या उजेडात ती बहुधा दिसणार नाही. त्या दोघांमध्ये सुमारे पंधरा प्रकाशवर्षांचे अंतर आहे. म्हणजे एकाने आज दिवा दाखवला तर दुसऱ्याला तो पंधरा वर्षांनी दिसायचा.

मला मात्र श्रवणाकडे पाहिले की कावडीतली ती मुले दिसत नाहीत. मला आमच्याकडचीच कावड दिसते. एका टोपलीत वडील बसलेले आहेत, त्यांना ऐकू येत नाही. दुसरीत आई आहे. आणि तिचे वाक्य अजून माझ्याकडे आहे.